माया ठेवणारा दुकानदार

सकाळी अकराच्या सुमारास कसबा बावड्याच्या मुख्य रस्त्यावर उभे राहावे. पाठीवर घराएवढी पिशवी अडकवलेली मुले दुचाकीवरून गल्ल्या शोधत फिरताना दिसतात. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाकीट, आणि तोंडी कुठल्यातरी वहिनींचे नाव. त्या पाकिटांत बरेचदा कपडे असतात. आणि दोन-चार दिवसांनी त्यांतली काही पाकिटे त्याच पिशव्यांतून उलट दिशेला निघतात. एका कंपनीचा 'एल' अंगावर झब्ब्यासारखा लोंबतो, तर दुसरीचा 'एक्सएल' दंडातच अडकतो. एका छापाचा ४० नंबरचा शर्ट पोटावर ताणतो, तर दुसऱ्या छापाचा ४० नंबर खांद्यावरून ओघळतो. मग मोबाईलवर कारण निवडा, फोटो काढा, न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघा. कुठे परतीची रक्कम कापून घेतात, कुठे तुमच्या भागात परत न्यायची सोय नाही असे सांगून कुरिअरने स्वतः पाठवायला लावतात. पाचशे रुपयांचा कुर्ता परत धाडायला पदरचे शंभर रुपये जाणार असतील, तर घरची बाई तो कुर्ता मुकाट्याने कपाटात ठेवते आणि नणंदेच्या वाढदिवसाची वाट बघते.

शिंप्याकडे हा प्रश्न नव्हता. बायका मापाला जुना ब्लाऊज नेऊन द्यायच्या, आणि छाती, मुंढा, बाही, गळा यांचे सगळे गणित त्या एका ब्लाऊजमध्ये असायचे. शिवाय शिंपी शिलाईच्या आत दोन बोटे कापड जादा सोडायचा. त्याला 'माया' म्हणतात. पोर वाढले, बाई बाळंतपणानंतर भरली, की उसवून मायेतून वाढवून घ्यायचे. कारखान्यात शिवलेल्या कपड्यात ही माया नसते. ती कापडाच्या हिशेबात वाचवलेली असते.

न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला अंगाचा कपडा विकायचा आणि तो बसला नाही तर परतीचे भाडे कोणी भरायचे, हा प्रश्न काही मोबाईलबरोबर जन्माला आलेला नाही. त्याला दीडशे वर्षे झाली. या प्रश्नाला ज्याने छापील आणि स्वच्छ उत्तर दिले, त्या माणसाचे नाव ॲरन माँटगोमेरी वॉर्ड. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत तीन पिढ्यांना हे नाव पाठ होते. आपल्याकडे वॉर्ड म्हटले की आधी नगरपालिकेची निवडणूक आठवते, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

वॉर्डचा जन्म १७ फेब्रुवारी १८४४ रोजी न्यू जर्सीतल्या चॅटम या गावचा. तो आठ-नऊ वर्षांचा असताना कुटुंब पश्चिमेकडे मिशिगन राज्यातल्या नाइल्स गावी गेले. घर खाऊन-पिऊन सुखी म्हणावे असे नव्हते. भावंडे पुष्कळ. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा पिंपासाठी लाकडी फळ्या कापणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. मजुरी दिवसाला २५ सेंट. तिथून तो वीटभट्टीवर गेला, तिथे विटा रचण्याचे ३० सेंट मिळत. ही पाच सेंटची बढती त्याच्या आयुष्यातली पहिली. पुढे सेंट जोसेफ या फळबागांच्या बाजारगावी तो चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला उभा राहिला, आणि तिथून एका मोठ्या सर्वसाधारण दुकानात गेला. सुरुवातीला महिना सहा डॉलर आणि जेवण. तीनेक वर्षांत तो त्या दुकानाचा व्यवस्थापक झाला आणि पगार शंभर डॉलरवर गेला.

त्या काळातले अमेरिकन खेड्यातले दुकान म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. खिळे, साखर, कापड, कंदील, औषध, सगळे एका छपराखाली. कशावरही किंमत लिहिलेली नाही. माणूस बघून भाव. पीक येईपर्यंत उधारी, आणि उधारीचे व्याज मालाच्या किमतीतच मुरवलेले. शेतकऱ्याला दुसरे दुकान जवळ नाही, आणि असले तरी आधीची वही मिटल्याशिवाय तिकडे जाता येत नाही. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर मी जी वर्षे काढली, त्यांत अशी वही पुष्कळ खातेदारांच्या तोंडून ऐकली आहे. कर्ज फेडायला आलेला माणूस बँकेच्या व्याजाबद्दल कुरकुरतो, पण दुकानदाराच्या वहीतले व्याज त्याला दिसतच नाही, कारण ते तेलाच्या डब्यात असते. वॉर्ड या व्यवस्थेत काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होता. तेलाच्या डब्यात काय असते ते त्याला दिसत होते.

१८६५ साली, अमेरिकेतले यादवी युद्ध संपले त्या वर्षी, तो शिकागोला आला. दिव्यांच्या एका पेढीत काही काळ काम केले, मग मार्शल फील्डच्या प्रसिद्ध दुकानात दोन वर्षे. हा मार्शल फील्ड पुढे या गोष्टीत वेगळ्याच कारणाने परत येणार आहे. त्यानंतर सेंट लुईसच्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता म्हणून वॉर्ड गावोगाव हिंडला. दिवसभर दुकानदारांना नमुने दाखवायचे आणि संध्याकाळी त्याच दुकानांच्या ओट्यावर शेतकऱ्यांचे ऐकायचे. तक्रार एकच. आमचा मका कवडीमोलाने जातो आणि शहरातले कापड आमच्यापर्यंत येईतो चार हातांतून महाग होते. वॉर्डने मनाशी जुळणी केली. शहरात कारखानदाराकडून रोखीने घाऊक माल घ्यायचा, मधले हात काढून टाकायचे, आणि थेट शेतकऱ्याच्या स्टेशनावर रोखीनेच पाठवायचा. दुकान नको, काउंटर नको, उधारीची वही तर नकोच.

खरे तर टपालाने कपडा विकण्याची ही कल्पना जगात अगदीच नवी नव्हती. वेल्समधल्या न्यूटाउन गावचा कापडवाला प्राइस प्राइस-जोन्स १८६१ च्या सुमारास फलालीनच्या छापील याद्या पाठवू लागला होता आणि राणी व्हिक्टोरियाही त्याची गिऱ्हाईक होती. पण त्याची गिऱ्हाइके बरीचशी खात्यापित्या घरची. वॉर्डला ज्याच्याकडे विकायचे होते त्याच्या हातात वर्षातून एकदा पैसा येत असे, आणि शहरी व्यापाऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पैसे साठवून वॉर्डने पहिला माल भरला. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला इतिहासप्रसिद्ध आग लागली. शहराचा मोठा भाग बेचिराख झाला आणि वॉर्डचा मालही त्यात गेला. दुसरा कोणी असता तर परत पगारी नोकरीत गेला असता. वॉर्ड नोकरीत राहिला खरा, पण पुन्हा पैसे जमवण्यापुरताच. ऑगस्ट १८७२ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन, सोळाशे डॉलरच्या भांडवलावर, त्याने एका लहानशा खोलीतून धंदा सुरू केला. जाहिरात म्हणजे एक कागद. त्यावर १६३ वस्तू, प्रत्येकीपुढे किंमत, आणि मागणी कशी करायची याची सूचना. त्याच वर्षी एलिझाबेथ कॉबशी त्याचे लग्न झाले. दोघे भागीदार वर्षभरात कंटाळून निघून गेले. मग एलिझाबेथच्या बहिणीचा नवरा, जॉर्ज थॉर्न, पैसे घेऊन भागीदारीत आला. हे साडूंचे जोडपे मात्र जन्मभर टिकले. आपल्याकडे साडूंची भागीदारी इतकी टिकलेली मी तरी फारशी पाहिलेली नाही.

पहिली मोठी मदत झाली ती शेतकऱ्यांच्या संघटनेची. १८६७ साली स्थापन झालेली 'ग्रेंज' ही संस्था शेतकऱ्यांना एकत्र करून खरेदी-विक्री करू पाहत होती. शेतकरी संघ आणि सहकारी कारखाना पाहिलेल्या बावडेकराला हे लगेच कळेल. दहा-वीस कुटुंबांनी मिळून एक मागणी पाठवायची, माल एकाच खोक्यात रेल्वेने मागवायचा, म्हणजे भाडे वाटून जाते. घरबसल्या खरेदीत वस्तूच्या किमतीइतकेच महत्त्व वाहतुकीला आहे, हे वॉर्डच्या कागदावर सुरुवातीपासून दिसते.

आणि लगेच बालंट आले. १८७३ साली 'शिकागो ट्रिब्यून' या बड्या वृत्तपत्राने शेतकऱ्यांना सावध केले की ही पेढी लबाडांची आहे. इतक्या कमी भावात कोणी विकते का? यांचे दुकान कुठे आहे? माल कुणी पाहिला आहे? वॉर्डने पुरावे दाखवले आणि पत्राला ते लिखाण मागे घ्यावे लागले. मागे घेतलेल्या मजकुराचा त्याने जाहिरातीसाठी यथास्थित उपयोग करून घेतला, हे सांगायला नकोच. पण ट्रिब्यूनने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. माल कुणी पाहिला आहे?

याचे उत्तर त्याने १८७५ साली दिले. आपल्या यादीत त्याने छापले की आमचा सगळा माल हमीचा आहे. नीट पाहून पसंत पडला नाही तर आम्ही तो परत घेऊ, सगळा खर्च आम्ही सोसू, आणि भरलेले पैसे परत करू. पैसे परत करण्याचा वायदा आज कुठलाही दुकानदार भिंतीवर रंगवतो. वॉर्डच्या वाक्यातले वजन मधल्या तुकड्यात आहे. सगळा खर्च आम्ही सोसू. म्हणजे शिकागोहून नेब्रास्काला गेलेला कोट नेब्रास्काहून शिकागोला परत येण्याचे भाडे वॉर्डचे.

बँकेतला माणूस हे वाक्य वाचून आधी चष्मा पुसतो. हे परवडले कसे? एक तर उधारी नसल्यामुळे त्याची बुडीत खाती शून्य होती. खेड्यातला दुकानदार वर्षाकाठी जेवढे बुडवून घेत असे, त्याच्या काही अंशात परतीची भाडी निघत. दुसरे, दुकान झगमगीत रस्त्यावर नसल्याने भाडे आणि रोषणाई वाचे. तिसरी गोष्ट माणसाच्या स्वभावातली. परत करता येते म्हटल्यावर माणूस धीराने मागवतो, आणि मागवलेले बहुधा ठेवून घेतो. पण मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती चौथी गोष्ट. परतीचे भाडे ज्याच्या खिशातून जाते, तो माप चुकू नये म्हणून धडपडतो. ते गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले की मापाची काळजी करण्याचे दुकानदाराला काहीच कारण उरत नाही. आज 'एल' आणि 'एक्सएल'चा जो गोंधळ आहे, त्याचे एक मूळ इथे शोधावे असे माझे मत आहे.

वॉर्डच्या पहिल्या याद्यांत कापड आणि किरकोळ घरगुती वस्तू बऱ्याच होत्या. कापडाला माप चुकण्याची भीती नाही. आपल्या साडीचे तसेच आहे. नऊवारी काय नि सहावारी काय, ती कुणालाही येते. अडते ते ब्लाऊजपाशी. पण जसजसे पुस्तक फुगत गेले तसतसे तयार कपडे वाढले. पुरुषांच्या तयार कपड्यांना त्या काळी एक आयता आधार मिळाला होता. यादवी युद्धात लाखो सैनिकांना गणवेश शिवावे लागले आणि त्यासाठी सैनिकांची मापे घेतली गेली. अमुक छातीच्या माणसाची कंबर साधारण अमुक असते, असे मेळ त्यातून हाती आले आणि युद्धानंतर शिवणकारखान्यांनी ते उचलले. म्हणजे मापाचे नंबर जन्मले ते बंदुकीच्या बरोबरीने. तरीही शेतकरी म्हणजे कवायती शिपाई नव्हे. म्हणून अशा पुस्तकांत स्वतःचे माप स्वतः कसे घ्यावे याची कलमे छापलेली असत. टेप कुठून कुठे धरायची, छाती कशावरून मोजायची, पायाची आतली लांबी कशी घ्यायची, आणि शिवाय उंची-वजन कळवायचे. बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात उभे करून माप घेतले असेल आणि नवऱ्याने नेमके तेव्हाच पोट आत ओढले असेल, हे मी माझ्या मनाने घालतो.

बायकांच्या कपड्यांना मात्र असे मेळ कुणी शोधलेच नव्हते, कारण बायकांची फौज नव्हती. त्यांचे कपडे घरी किंवा शिवणारणीकडे होत. अमेरिकेत बायकांची मापे मोठ्या प्रमाणावर घेतली गेली ती थेट १९३९-४० मध्ये, सरकारच्या कृषी खात्याकडून. सुमारे पंधरा हजार स्त्रिया मोजल्या, पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या. त्यावरून १९५८ साली प्रमाण मापे ठरली, ती कुणी फारशी पाळली नाहीत, आणि १९८३ साली सरकारने ती मागे घेतली. पुढे कंपन्यांना शोध लागला की गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असे वाटले की ते खूश होते. मग जाड अंगाच्या कपड्यावर लहान नंबर चिकटू लागले. आपल्याकडे निफ्ट या संस्थेने मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांची यंत्राने मापे घेऊन भारतीय अंगाची प्रमाणे ठरवण्याचा प्रकल्प हाती घेतला. तोवर आपण विलायती अंगाचे नंबर ओढून-ताणून घालत आलो आहोत. त्या सहा शहरांत कोल्हापूर नाही. तांबड्या-पांढऱ्यावर पोसलेली तालमीतली छाती कोणत्या नंबरात बसवायची, हा प्रश्न त्यामुळे शिल्लकच आहे.

वॉर्डकडे वळू. १८७४ साली, इकडे आमच्या बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात शाहू महाराज जन्मले तेव्हा, तिकडे त्याच्या एका कागदाचे पुस्तक होऊ लागले होते. १८८३ पर्यंत त्याची पाने २४० झाली आणि वस्तू दहा हजार. १८९५ चे पुस्तक सहाशे पानांच्या वर गेले. शेतघरांत बायबलच्या शेजारी हे दुसरे पुस्तक असे. मुले त्यातली चित्रे कापून खेळत, नव्याने आलेले परदेशी लोक त्यावरून इंग्रजी शिकत. गिऱ्हाइकांची पत्रे तर वाचण्यासारखी असत. माल मागवताना माणसे घरची सुखदुःखे लिहीत. कंपनीच्या जुन्या गोष्टींत एक सांगितली जाते की एका एकट्या शेतकऱ्याने टपालाने बायको मागवली. कंपनीने नम्रपणे कळवले की ही वस्तू प्रत्यक्ष पाहूनच निवडलेली बरी, मात्र लग्न झाल्यावर त्यांना कपडे लागतील तेव्हा आम्हाला सेवेची संधी द्यावी.

याच काळात आपल्या देशातही घरपोच खरेदीची सोय झाली होती. टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. पार्सल सुरू केले. पुस्तके, औषधे, घड्याळे, कापड, सगळे पोस्टमनच्या पिशवीतून खेड्यात जाऊ लागले. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि मुंबई जवळ झाली. परंतु व्ही. पी.त एक मेख होती. आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे, मग सुतळी सोडायची. आत घड्याळाऐवजी दगड निघाला तर पोस्टमन काय करणार? वॉर्डची पार्सले खासगी वाहतूक कंपन्यांमार्फत जात, आणि मागणी तशी नोंदवली असेल तर गिऱ्हाईक स्टेशनावर खोके उघडून माल बघे आणि मग पैसे भरे. आधी पैसे की आधी पाहणी, एवढाच फरक. पण आमच्याकडे टपालाने आलेल्या वस्तूबद्दल जो संशय दोन-तीन पिढ्या टिकला, तो या क्रमातून आला असे मला वाटते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आपल्याकडे एवढे केले की सदोष, जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. अंगाला बसला नाही हे कारण त्यात नाही. ते दुकानदाराच्या मर्जीवर आहे.

खेड्यातल्या दुकानदारांनी वॉर्डला सुखाने जगू दिले असते तर नवल. त्याची पुस्तके गोळा करून भर चौकात होळ्या झाल्या. मुलांना पुस्तकाच्या बदल्यात बक्षिसे देऊन ती जाळायला आणवली गेली. टपाल खेड्याच्या घरापर्यंत मोफत पोहोचवण्याची योजना १८९६ मध्ये सुरू झाली, त्याआधी शेतकऱ्याला पत्रासाठीही गावात जावे लागे. चार पौंडांपेक्षा जड पार्सल सरकारी टपालाने घेतलेच जात नसे आणि खासगी वाहतूक कंपन्या मनाला येईल ते दर लावीत. दुकानदार आणि या कंपन्यांनी मिळून पार्सल टपालाची मागणी वर्षानुवर्षे रोखून धरली. वॉर्डचे पुस्तकच चार पौंडांचे होते. १९०४ साली अशी तीस लाख पुस्तके टपालात पडली.

एव्हाना त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धीही भेटला होता. रिचर्ड सिअर्स नावाचा, घड्याळे विकता विकता मोठा झालेला तरुण, १९०० च्या सुमारास विक्रीत वॉर्डच्या पुढे निघून गेला. सिअर्स जाहिरातीचा जादूगार होता. वॉर्ड शांत, थोडा घुम्या, फोटो आणि मुलाखतींपासून लांब राहणारा. शतक पालटताना रोजचा कारभार थॉर्न आणि त्याची मुले पाहू लागली. वॉर्डचे लक्ष खिडकीबाहेर लागले होते.

ही खिडकी शिकागोच्या मिशिगन ॲव्हेन्यूवरची. समोर रस्ता, पलीकडे मोकळी जमीन, आणि तिच्यापुढे सरोवर. ती जमीन तेव्हा बाग नव्हती. तिथे रेल्वेच्या शेड, कचरा, राडारोडा, तबेले असे सगळे होते. १८३६ च्या नकाशावर कालव्याच्या आयुक्तांनी त्या पट्ट्यात इमारती कायमच्या निषिद्ध असल्याची नोंद करून ठेवली होती. ती नोंद सगळे विसरले होते. वॉर्ड विसरला नाही. १८९० साली तो नगरपालिकेविरुद्ध न्यायालयात गेला, आणि मग वीस वर्षे जात राहिला. चार वेळा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि चारही वेळा त्याच्या बाजूने लागले.

वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. शहराच्या प्रगतीच्या आड येणारा हेकट म्हणून त्याची संभावना झाली. सगळ्यांत कठीण प्रसंग आला तो त्याच्या जुन्या धन्याच्या मृत्युपत्राने. मार्शल फील्ड १९०६ साली वारला आणि संग्रहालयासाठी त्याने ८० लाख डॉलर ठेवले. संग्रहालय त्याच मोकळ्या जमिनीवर बांधावे असे बड्यांचे ठरले. संग्रहालयाला कोण नाही म्हणेल? वॉर्ड म्हणाला. त्याला संग्रहालय नको नव्हते, ती जागा इमारतीला द्यायची नव्हती. एकदा एका चांगल्या इमारतीला परवानगी दिली की पुढच्या चांगल्या इमारतीला नाही म्हणता येत नाही, हे त्याचे साधे तर्कशास्त्र. आपल्या गावातली मैदाने कशी गेली ते आठवले, की हे तर्कशास्त्र पटायला वेळ लागत नाही. १९०९ साली त्याने याविषयी वृत्तपत्राला एकच मुलाखत दिली. हा लढा आपण गरिबांसाठी लढलो, श्रीमंतांना फिरायला जागा पुष्कळ असतात, अशा आशयाचे तो बोलला, आणि एवढे कष्ट पडतील हे आधी कळते तर कदाचित यात पडलो नसतो असेही म्हणाला. खटल्यांचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. शेवटी ते फील्ड संग्रहालय दक्षिणेला, सरोवरात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर उभे राहिले आणि १९२१ मध्ये उघडले.

त्या पट्ट्यात एका इमारतीला मात्र वॉर्डने हरकत घेतली नाही. ती म्हणजे आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू. ही वास्तू १८९३ सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बांधली गेली, आणि ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलायला उभे राहिले ते याच वास्तूत. आज मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणारी आपली मंडळी शिकागोत ती जागा आवर्जून बघतात, बाहेर पायऱ्यांवर फोटो काढतात. पायऱ्यांवरून वळून डावी-उजवीकडे पाहिले तर हिरवळ दिसते, झाडे दिसतात, त्यांच्यामागे सरोवर. या ग्रँट पार्कमध्ये आकाश एवढे मोकळे का, ते सहसा कुणी सांगत नाही.

वॉर्डला स्वतःचे मूल नव्हते. दत्तक घेतलेली मुलगी होती, मार्जोरी. उतारवयात तो शिकागोच्या उत्तरेला हायलंड पार्क इथे राहत असे. १ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकन सरकारने अखेर पार्सल टपाल सुरू केले आणि खासगी वाहतूक कंपन्यांची मक्तेदारी मोडली. कपड्यांचा गठ्ठा आता पोस्टमन शेतघराच्या दारात आणून देऊ लागला, आणि परतही नेऊ लागला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्याने वर्षभर पाहिले. ७ डिसेंबर १९१३ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, वॉर्ड वारला. त्या वर्षी कंपनीची विक्री चार कोटी डॉलरच्या घरात होती. त्याच्या मागे एलिझाबेथने १९२३ पासून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला, मुख्यतः वैद्यकीय शिक्षणासाठी, सुमारे ८० लाख डॉलर दिले. योगायोगाने आकडा फील्डच्या मृत्युपत्राएवढाच.

कंपनी पुढे पुष्कळ वर्षे चालली. १९२६ पासून तिने गावोगाव दुकानेही उघडली, म्हणजे ज्या काउंटरला कंटाळून वॉर्ड बाहेर पडला होता तो काउंटर परत आला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या ग्रोलियर क्लब या ग्रंथप्रेमींच्या संस्थेने अमेरिकन जीवनावर प्रभाव टाकणारी शंभर पुस्तके निवडली, त्यांत कवी-कादंबरीकारांच्या रांगेत वॉर्डची किमतीची यादी होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा असूया वाटली, हे कबूल करतो. १९८५ मध्ये तोट्यामुळे कंपनीने ते पुस्तक छापणे बंद केले आणि फक्त दुकाने ठेवली. २००१ मध्ये दुकानेही बंद झाली. पुस्तक बंद झाल्यावर नऊ वर्षांनी, १९९४ साली, वॉशिंग्टन राज्यात एका घराच्या गॅरेजमध्ये ॲमेझॉनची सुरुवात झाली. नंतर वॉर्डचे नावही कुणीतरी विकत घेतले, आणि त्या नावाने कपडे आणि घरातल्या वस्तू इंटरनेटवरून घरपोच विकल्या जाऊ लागल्या.